कॅनडातील छोट्या गावांचा हिवाळा: गैरसमज आणि वस्तुस्थिती

कॅनडाच्या छोट्या गावांतील हिवाळ्याबद्दल सर्वांत जास्त पसरलेला समज असा, की नोव्हेंबर ते एप्रिल तिथले व्यवहार थंडावतात. रस्ते बंद, शाळा बंद आणि माणसे घरात कोंडलेली. वस्तुस्थिती बरीच वेगळी आहे. उत्तरेकडच्या कित्येक वस्त्यांना वर्षातून एकदाच जमिनीवरून रस्ता मिळतो आणि तो मिळतो ऐन हिवाळ्यात. या गावांना खरी धास्ती असते ती उणे तीस अंशांची नव्हे, तर शून्याच्या आसपास घुटमळणाऱ्या तापमानाची. हे ध्यानात घेतले की बाकीच्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

पहिली गल्लत होते ती सगळ्या देशाला एकच थंडी लावण्यात. पॅसिफिक किनाऱ्यावरच्या व्हिक्टोरियात जानेवारीचे सरासरी तापमान शून्याच्या वर असते आणि फेब्रुवारीत तिथे फुले उमलू लागतात. त्याच जानेवारीत मॅनिटोबातील विनिपेगची सरासरी उणे सोळाच्या आसपास असते. देशातील नीचांकी तापमान युकॉनमधील स्नॅग येथे ३ फेब्रुवारी १९४७ रोजी नोंदले गेले, ते होते उणे ६३ अंश सेल्सिअस. दक्षिण आल्बर्टात मात्र रॉकी पर्वत ओलांडून खाली उतरणारा शिनूक नावाचा कोरडा, उबदार वारा भर हिवाळ्यात काही तासांत पारा वीस अंशांनी चढवतो. सकाळी हिमाने झाकलेली कुरणे संध्याकाळपर्यंत उघडी पडतात.

थंडी जितकी कडक तितका हिमवर्षाव जास्त, हा तर्कही फसवा आहे. हवा जितकी थंड, तितकी तिच्यात बाष्प धरून ठेवण्याची ताकद कमी. त्यामुळे अतिउत्तरेचा आर्क्टिक प्रदेश हे खरे तर शीत वाळवंट आहे. एल्समियर बेटावरच्या युरेका येथे पाऊस आणि वितळवलेले हिम मिळून वर्षाला जेमतेम सात-आठ सेंटिमीटर भरतात. उलट न्यूफाउंडलंडच्या सेंट जॉन्सचा जानेवारी बराच सौम्य, सरासरी उणे चार-पाच अंशांचा असतो. पण समुद्रावरून येणाऱ्या ओलसर वादळांमुळे तिथे हिवाळ्यात तीन मीटरहून अधिक हिम पडते. १७ जानेवारी २०२० रोजी एका दिवसात तिथल्या विमानतळावर ७६ सेंटिमीटर हिम साचले. दारे, गाड्या, गल्ल्या सगळे त्याखाली गेले. शहरात आणि आजूबाजूच्या गावांत आणीबाणी जाहीर झाली आणि वृद्धांच्या घरांच्या वाटा मोकळ्या करण्यासाठी सैन्याचे जवान फावडी घेऊन उतरले.

आता रस्त्यांविषयी. उत्तर ओंटारिओ, उत्तर मॅनिटोबा आणि नॉर्थवेस्ट टेरिटरीज येथील अनेक वस्त्या, विशेषतः मूळनिवासी समाजांच्या, उन्हाळ्यात फक्त विमानाने जोडलेल्या असतात. मध्ये दलदल, असंख्य तळी आणि नद्या. त्या गोठल्या की साधारण जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या अखेरीपर्यंत त्यांच्यावरून हिवाळी रस्ता चालू होतो. वर्षभराचे डिझेल, सिमेंट, लाकूड, घरबांधणीचे सामान, फर्निचर, पिठाची पोती हे सारे त्या आठ-दहा आठवड्यांत ट्रकने आणले जाते. विमानाने तेच आणायचे तर खर्च कित्येक पटींनी वाढतो. लोकही याच दिवसांत शेजारच्या गावी लग्नाला, हॉकीच्या सामन्यांना किंवा मोठ्या बाजाराला स्वतःच्या गाडीने जातात.

हा रस्ता आपोआप तयार होत नाही. तळ्यावर पडलेले हिम गोधडीसारखे काम करते. ते वरची थंडी खाली पोचू देत नाही आणि खालचा बर्फ जाड होत नाही. म्हणून आधी हलक्या यंत्रांनी हिम दाबतात किंवा बाजूला सारतात. मग जागोजागी भोके पाडून जाडी मोजतात आणि त्याच भोकांतून पाणी उपसून वर पसरवतात. ते गोठून थरावर थर चढतो. यलोनाइफजवळून हिऱ्यांच्या खाणींकडे जाणारा टिबिट-काँट्वॉइटो रस्ता १९८२ पासून दर हिवाळ्यात असा नव्याने बांधला जातो, आणि त्याचा बहुतांश भाग तळ्यांवरून जातो. पूर्ण भरलेल्या अवजड ट्रकसाठी तिथे बर्फ मीटरभराहून जाड व्हावा लागतो. भरलेल्या ट्रकचा वेगही ताशी २५ किलोमीटरच्या आसपास ठेवावा लागतो. बर्फावर गाडी जपून चालवतात ती केवळ घसरण्याच्या भीतीने, असे वाटणे साहजिक आहे. पण मोठे कारण बर्फाखाली असते. जड ट्रक पुढे सरकताना बर्फ किंचित वाकतो आणि खालच्या पाण्यात लाट उठते. वेग जास्त असेल तर ती लाट काठावर आपटून परतते आणि बर्फ खालून फोडते. काठाजवळ येताना चालक आणखी हळू होतात ते यासाठीच.

बर्फ पांढराशुभ्र दिसला म्हणजे पक्का, हा समज तर जिवावर बेततो. स्वच्छ, निळसर झाक असलेला बर्फ सर्वांत मजबूत असतो. हिम मिसळून झालेला दुधी बर्फ साधारण निम्मा भार पेलतो, आणि करड्या रंगाच्या बर्फात पाणी असते, त्यावर पाऊल टाकू नये. एकट्याने चालायला किमान १५ सेंटिमीटर, घोळक्याने स्केटिंग करायला २० आणि स्नोमोबाइलसाठी २५ सेंटिमीटर जाडी हवी, असे कॅनडाच्या रेडक्रॉसचे मार्गदर्शन आहे. एकाच तळ्यात झऱ्याजवळ, पुलाखाली किंवा ओढा मिळतो तिथे बर्फ पातळ राहतो, त्यामुळे एका ठिकाणच्या मोजमापावर भरवसा ठेवता येत नाही.

घरांबद्दलच्या कल्पना आणखी जुन्या आहेत. इग्लू हे सर्व इन्युइट लोकांचे कायमचे घर कधीच नव्हते. हिमाच्या विटांचे ते घुमट मुख्यत्वे मध्य आर्क्टिकमध्ये हिवाळी शिकारीच्या मुक्कामासाठी उभारले जात. इतरत्र माती, दगड आणि देवमाशाच्या हाडांची घरे होती. आजची वस्ती साध्या लाकडी घरांची आहे, पण तिची रचना थंडीने ठरवलेली असते. नॉर्थवेस्ट टेरिटरीजमधील इनुविक येथे जमीन कायम गोठलेली आहे. घराची ऊब खाली झिरपली तर ती जमीन वितळून पाया खचतो, म्हणून घरे खांबांवर उचललेली असतात. पाण्याचे आणि सांडपाण्याचे नळही पुरता येत नाहीत. ते घराघरांमधून जमिनीच्या वर, उबदार ठेवलेल्या पेट्यांतून फिरवलेले दिसतात. नुनावुटमधील बऱ्याच गावांत तर पाणी टँकरने येते, घरातल्या टाकीत भरले जाते आणि सांडपाणी दुसरा टँकर घेऊन जातो.

घरात माणसे कुडकुडत बसतात हेही खरे नाही. आत साधारण वीस-एकवीस अंश तापमान असते आणि लोक सुती कपड्यांत वावरतात. त्रास होतो तो कोरडेपणाचा. उणे पंधरा अंशांची हवा आत घेऊन तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता दहा टक्क्यांच्या खाली घसरते. ओठ फुटणे, नाकातून रक्त येणे, दाराच्या मुठीला हात लावताच ठिणगीचा झटका बसणे हे सारे त्यातूनच येते.

महाराष्ट्रातून शिकायला किंवा नोकरीला जाणारी मुले आता सडबरी, थंडर बे, ब्रँडन अशा टोरंटोपासून लांबच्या गावांतही पोचली आहेत आणि त्यांच्या सामानात बहुधा एक भलेमोठे जाड जॅकेट असते. खरे काम करतात ते पातळ कपड्यांचे थर: आत घाम शोषून बाहेर टाकणारा, मध्ये लोकरीचा, वर वारा अडवणारा. सुती बनियन घामाने भिजला की अंगाची ऊब ओढून घेतो. हवामानखाते सांगते तो विंडचिलचा आकडा हे काही वेगळे तापमान नव्हे. वाऱ्यामुळे उघड्या कातडीची उष्णता किती झपाट्याने जाते, याचे ते माप आहे. हवा उणे दहा असेल तर विंडचिल उणे वीस असला तरी पाण्याची बाटली उणे दहापेक्षा थंड होणार नाही. माणसाची कातडी मात्र लवकर गोठेल. विंडचिल उणे २८ च्या खाली गेला की दहा ते तीस मिनिटांत हिमदंश होऊ शकतो. मद्याने ऊब येते म्हणतात, तो धोकादायक भास आहे: कातडीजवळच्या रक्तवाहिन्या फुगल्याने गरम वाटते आणि शरीराची उष्णता उलट वेगाने निघून जाते. या सगळ्यात शाळा मात्र सहसा चालूच असते. प्रेअरी प्रांतांत कडाक्याच्या दिवशी स्कूलबस रद्द होतात आणि मधली सुट्टी वर्गात घालवली जाते; पण ज्यांना पोचता येते त्यांच्यासाठी वर्ग बहुधा उघडे राहतात.

सास्काचेवान किंवा मॅनिटोबातील गावात उभ्या गाड्यांच्या पुढच्या जाळीतून विजेची वायर लोंबताना दिसते. नवख्याला ती विजेवर चालणारी गाडी वाटते. ती असते ब्लॉक हीटरची. कडक थंडीत इंजिनातले तेल घट्ट होते आणि बॅटरीचा जोर ओसरतो, म्हणून इंजिन विजेने कोमट ठेवतात. वायर रात्रभर लावून ठेवण्याची गरज नसते, सुरू करण्याआधीचे दोन-चार तास पुरतात. टायरही बदलावे लागतात, कारण साध्या टायरचे रबर सात अंशांखालीच कडक होऊ लागते. क्युबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर कायद्याने सक्तीचे आहेत. रस्त्यावर मीठ टाकले की बर्फ वितळतो हेही एका मर्यादेपर्यंतच खरे. साधारण उणे दहाच्या खाली साधे मीठ जवळपास निकामी होते, म्हणून थंड प्रदेशातील गावे चाकांना पकड मिळावी म्हणून वाळू किंवा बारीक खडी पसरतात.

सहा महिन्यांच्या अंधाराची गोष्ट बहुतेक वस्त्यांना लागू पडत नाही. इनुविकमध्ये डिसेंबर-जानेवारीत सुमारे तीस दिवस सूर्य क्षितिजावर येत नाही. दुपारी संधिप्रकाश तेवढा पसरतो. जानेवारीत सूर्य परतला की गाव उत्सव करते.

ध्रुवीय अस्वले हिवाळाभर गल्लीबोळांत फिरतात, असेही मानले जाते. हजाराहून कमी वस्तीच्या आणि रस्त्याने न जोडलेल्या मॅनिटोबातील चर्चिल गावात अस्वलांचा वावर असतो हे खरे, पण तो प्रामुख्याने ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. हडसन उपसागर गोठण्याची वाट पाहत ती किनाऱ्यावर रेंगाळतात. बर्फ धरला की बहुतेक अस्वले सीलच्या शिकारीला निघून जातात.

गावाचा सामाजिक जीव हिवाळ्यात उलट जास्त धडधडतो. शेती थांबलेली असते, हातात वेळ असतो. प्रेअरीतल्या लहानशा गावातही एक रिंक असते: हॉकीचे मैदान, शेजारी कर्लिंगची पट्टी, आणि सूप-बर्गर विकणारे, स्वयंसेवकांनी चालवलेले छोटे उपाहारगृह. शनिवारी पहाटे मुलांचे सराव, संध्याकाळी शेजारच्या गावाशी सामना. १९९४ च्या कायद्याने हॉकी हा राष्ट्रीय हिवाळी खेळ ठरला असला, तरी वयस्कर मंडळींना एकत्र आणतो तो कर्लिंग. माँट्रियलमध्ये त्याचा क्लब १८०७ पासून आहे. त्याचा बर्फ गुळगुळीत असतो, असे पाहणाऱ्याला वाटते. खेळाआधी त्यावर पाण्याचे थेंब शिंपडून मुद्दाम बारीक खडे उठवलेले असतात. सुमारे वीस किलोचा ग्रॅनाइटचा दगड त्या खड्यांच्या माथ्यांवरून सरकतो आणि खेळाडू पुढे घासत जाऊन त्याचा वेग आणि वळण सांभाळतात. गुळगुळीत बर्फावर तोच दगड निम्म्या वाटेतच अडला असता.

क्युबेकमधील सँत-आन-द-ला-पेराद येथे दर हिवाळ्यात नदीवर शेकडो खोपट्यांचे गाव वसते. टॉमकॉड नावाचा छोटा मासा सेंट लॉरेन्समधून अंडी घालायला वर येतो, त्यासाठी १९३८ पासून ही जत्रा भरते. खोपट्यात लाकडाची शेगडी, बाके आणि भिंतीलगत बर्फात कापलेली लांब चर असते. वरच्या दांडीवरून दोऱ्या चरीत सोडायच्या, गळाला डुकराच्या यकृताचा तुकडा लावायचा आणि गप्पा मारत बसायचे. कुटुंबेच्या कुटुंबे येतात. मासेमारी म्हणजे एकट्याने गारठत बसणे, ही कल्पना इथे टिकत नाही.

खरी संकटे येतात ती सौम्य दिवसांत. वर उबदार हवेचा थर आणि जमिनीलगत गोठणबिंदूखालची हवा असली की पावसाचे थेंब द्रवरूपातच खाली येतात आणि टेकताक्षणी गोठतात. ४ ते १० जानेवारी १९९८ या काळात पूर्व ओंटारिओ, दक्षिण क्युबेक आणि न्यू ब्रुन्सविकमध्ये असा पाऊस थांबून थांबून पडत राहिला. तारांवर मनगटाएवढा बर्फ चढला, विजेचे शेकडो पोलादी मनोरे कोसळले आणि चाळीस लाखांहून अधिक लोक अंधारात गेले. ग्रामीण भागात काही ठिकाणी वीज यायला महिना लागला. गाईंचे दूध काढायला यंत्रे चालेनात, तेव्हा शेतकऱ्यांनी एकच जनरेटर एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात फिरवला.

हिवाळी रस्त्यांनाही उबदार हिवाळाच मारक ठरतो. २०२४ च्या फेब्रुवारीत उत्तर ओंटारिओत बर्फ पुरेसा जाड झाला नाही. इंधन आणि सामान पोचेना, तेव्हा तिथल्या मूळनिवासी समाजांच्या संघटनेने, निश्नावबे आस्की नेशनने, आणीबाणी जाहीर केली. युकॉनमधील डॉसनला नदीपलीकडच्या वस्तीशी जोडणारा बर्फाचा पूलही २०१६ नंतरच्या काही हिवाळ्यांत नेहमीच्या जागी धरला नाही.

दरवर्षी येणारी अडचण मात्र दोन संधिकाळांची असते. इनुविककडे जाणारा डेम्प्स्टर महामार्ग पील आणि मॅकेन्झी या नद्या ओलांडतो, उन्हाळ्यात फेरीबोटीने आणि हिवाळ्यात बर्फावरून. शरदात बर्फ धरेपर्यंत आणि वसंतात तो फुटून वाहून जाईपर्यंत काही आठवडे दोन्ही सोयी नसतात. २०१७ मध्ये इनुविक ते टुकटोयाकटुक बारमाही रस्ता झाला, तरी त्या दिवसांत दोन्ही गावांचा दक्षिणेशी रस्त्याने संबंध तुटतो. दुकानदार आधीच कोठारे भरून ठेवतात, ताजी भाजी आणि दूध विमानाने येते आणि त्यांचे भाव चढतात.