स्टेशनचं पार्किंग आणि आमचा गणपती

गेल्या वर्षी आमच्या मंडळाच्या गणपतीत पार्किंगची जबाबदारी माझ्याकडे होती. आरास, प्रसाद, ढोल-ताशा ही मानाची कामं. पार्किंग हे कुणालाच नको असतं, म्हणून ते आयटीवाल्याच्या गळ्यात पडतं. इंग्लंडमध्ये, लंडनपासून ट्रेनने तासाभराच्या अंतरावर असलेल्या आमच्या शहरात मराठी कुटुंबं बरीच आहेत. शनिवारी एका शाळेचा हॉल भाड्याने घेऊन आम्ही गणपती करतो. शाळेच्या आवारात जेमतेम वीस गाड्या मावतात आणि आजूबाजूच्या गल्ल्यांमध्ये रहिवाशांच्या परमिटचे बोर्ड आहेत. चालत चार मिनिटांवर मात्र रेल्वे स्टेशन आहे आणि त्याला लागून साठेक गाड्यांचं पार्किंग.

मी त्या स्टेशनवरून आठवड्यातून दोनदा ऑफिसला जातो. शनिवारी तिथे जागा असते, हे मी पाहिलेलं होतं. म्हणून आदल्या रात्री ग्रुपवर मेसेज टाकला, "मंडळी, हॉलची जागा भरली तर गाडी स्टेशनच्या पार्किंगमध्ये लावा. शनिवारी रिकामंच असतं. आरतीला वेळेवर या." प्रवेशाजवळचा बोर्ड मी कधी नीट वाचलाच नव्हता. टेस्टिंग न करता कोड थेट प्रॉडक्शनला टाकावा, तसा हा प्रकार झाला.

आरती झाली, मोदक झाले, लहान मुलांची नाटुकली झाली. साधारण दहा दिवसांनी पहिला फोन आला. "दादा, त्या पार्किंगचं पत्र आलंय. शंभर पौंड! चौदा दिवसांत भरले तर साठ." संध्याकाळपर्यंत ग्रुपवर नऊ पत्रांचे फोटो जमा झाले.

दुसऱ्या दिवशी मी बोर्ड वाचायला गेलो. ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं, की हे पार्किंग फक्त रेल्वे प्रवाशांसाठी आहे. त्याखाली दर, त्याखाली शनिवार-रविवारचा वेगळा दर आणि 'सोडायला-आणायला येणाऱ्यांसाठी २० मिनिटं मोफत'. आमच्या सव्वीस गाड्यांपैकी सतरा जणांनी मशीनवर किंवा ॲपवर पैसे भरले होते, त्यांना काहीच आलं नाही. आठ जणांना शनिवारी फुकट असेल असं वाटलं. मी 'रिकामं' लिहिलं, त्यांनी 'मोफत' वाचलं. एका वहिनींनी पैसे भरले होते, पण गाडीच्या नंबरमध्ये शून्याऐवजी इंग्रजी 'ओ' टाइप झाला होता. गेटवरचा कॅमेरा नंबर प्लेट वाचतो आणि भरलेल्या पैशांशी जुळवून बघतो. पैसे भरलेत की नाही हे त्याला कळतं. गाडी लावणारा ट्रेनमध्ये बसला की मोदक खायला गेला, हे त्याला कळत नाही.

त्यानंतर ग्रुपवर सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. सगळ्यात लोकप्रिय सल्ला होता, "पत्र फाडून टाका. रेल्वेच्या जागेवर ते काहीही करू शकत नाहीत." मी दोन रात्री बसून वाचलं. त्यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच तो सल्ला धोक्याचा आहे.

इकडे पीसीएन ही तीन अक्षरं दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतात. कौन्सिलची ती 'पेनल्टी चार्ज नोटीस' आणि खाजगी कंपनीची ती 'पार्किंग चार्ज नोटीस'. दुसरी ही खरं तर करार मोडल्याची मागणी असते. तुम्ही बोर्डाच्या अटी मान्य करून गाडी लावली, असं त्यात धरलेलं असतं. बोर्ड स्पष्ट असेल तर अशी रक्कम वसूल करता येते, हे इथल्या सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये चेम्सफर्डच्या एका पार्किंगच्या खटल्यात ८५ पौंडांच्या आकारणीबद्दल मान्य केलं. त्याआधी २०१२ च्या एका कायद्याने अशी रक्कम, ड्रायव्हर कोण होता हे कळलं नाही तर, गाडी ज्याच्या नावावर नोंदलेली आहे त्याच्याकडून मागायची सोय करून दिली. पण ज्या जमिनीला स्वतःचे उपनियम लागू आहेत, तिथे ही सोय चालत नाही. रेल्वेच्या जमिनीला २००५ चे रेल्वे उपनियम लागू असतात. 'काहीही करू शकत नाहीत' हा सल्ला या फटीतून आलेला.

मात्र त्याच उपनियमांतला चौदावा नियम पार्किंगचा आहे. पैसे न भरता किंवा सूचना मोडून गाडी लावणं हा त्यानुसार गुन्हा आहे. तो मॅजिस्ट्रेट कोर्टात चालू शकतो आणि दंड १,००० पौंडांपर्यंत होऊ शकतो. खटला सहा महिन्यांच्या आत दाखल करावा लागतो, म्हणून काही जण गप्प बसून सहा महिने मोजतात. नऊ पत्रांपैकी एक पत्र होतं एका तरुण जोडप्याचं. त्यांचा ब्रिटिश नागरिकत्वाचा अर्ज तयार होता. त्या अर्जात वर्तणुकीचा भाग असतो आणि कोर्टातल्या शिक्षा तिथे सांगाव्या लागतात. ती मुलगी मला फोनवर म्हणाली, "दादा, साठ पौंडांचं काही नाही हो. पण सहा वर्षं थांबलोय आम्ही. हे त्यात आलं तर?" ती रडत नव्हती, पण आवाज बसला होता. आणि कारण काय, तर माझा दोन ओळींचा मेसेज.

मी सगळी पत्रं शब्दन् शब्द वाचली. नऊही पत्रं कराराच्या प्रकारची होती, उपनियमांचा किंवा कोर्टाचा उल्लेख नव्हता. तिला तसं सांगितलं, तेव्हा कुठे तिला झोप लागली. वहिनींची पावती जोडून मी अपील लिहिलं, त्यांचं पत्र रद्द झालं. उरलेल्या आठ जणांनी बाराव्या दिवशी साठ-साठ पौंड भरून टाकले. एकूण ४८० पौंड. मी सगळे द्यायला तयार होतो. मंडळाच्या खजिनदार काकांनी ऐकलं नाही. शेवटी अर्धे मंडळाने दिले, अर्धे मी.

माझ्या दृष्टीने विषय इथे संपला होता. पुढच्या आठवड्यात ऑफिसला जाताना तिकीट खिडकीवरच्या बाईंशी सहज बोललो. त्या म्हणाल्या, "अच्छा, तो शनिवार! त्या दिवशी एक आजोबा इथे येऊन भांडले. पार्किंग भरलं होतं, दोन चकरा मारल्या, तोवर त्यांची ट्रेन गेली. नातीच्या लग्नाला निघाले होते. पुढची ट्रेन तासाने होती." पैसे भरलेले आमचे सतरा जण तोपर्यंत, "आम्ही तर नियमाने वागलो," असं म्हणत होते. मीही त्यांच्यातच होतो, कारण मी पैसे भरले होते. पण त्या आजोबांची जागा पैसे भरलेल्या गाडीने घेतली की न भरलेल्या, याने त्यांना काय फरक पडला?

रविवारी व्हिडिओ कॉलवर हे सगळं बाबांना सांगितलं. बाबांनी डोंबिवलीहून तीस वर्षं लोकलने नोकरी केली. चेतक स्कूटर स्टेशनजवळच्या स्टँडवर लावायचे. ते शांतपणे म्हणाले, "अरे, बाजाराला येणाऱ्यांच्या गाड्यांनी स्टँड भरलेला असायचा, म्हणून कितीदा माझी सात-बेचाळीस चुकली. लेट मार्क लागायचा. आई तेव्हा त्या लोकांना काय काय बोलायची, आठवतंय ना?" आठवत होतं. ते लोक आता आपणच, हे काही त्यांनी बोलून दाखवलं नाही.

इथे नवीन आलेल्यांसाठी आणि आई-वडिलांना फिरवायला गाडी काढणाऱ्यांसाठी चार गोष्टी सांगतो. सगळी स्टेशनं सारखी नसतात. बऱ्याच ठिकाणी पैसे भरून कुणीही गाडी लावू शकतं, काही ठिकाणी प्रवास न करणाऱ्यांना वेगळा दर असतो, तर काही ठिकाणी जागा फक्त प्रवाशांसाठी असते. त्यामुळे त्या-त्या ठिकाणचा बोर्ड वाचा आणि फोटो काढून ठेवा. गेट उघडं आहे आणि केबिनमध्ये कुणी नाही म्हणजे मोफत, असं समजू नका. कुणाला घ्यायला गेलात आणि ट्रेन लेट असली तर मोफत मिनिटं संपायच्या आत पैसे भरा. गाडीचा नंबर दोनदा तपासा. रविवारी रुळांची कामं असली की ट्रेनऐवजी बस सोडतात, त्या कधी कधी स्टेशनच्या आवारातच उभ्या राहतात, तेव्हा जागा आणखी कमी होते. आणि पत्र आलंच तर फाडू नका. ते कौन्सिलचं, खाजगी कंपनीचं की रेल्वे उपनियमाखालचं, हे आधी बघा. मुदत बघा. चूक आपली नसेल तर पुराव्यासकट अपील करा. ऑपरेटरने नाकारलं तर त्यापुढे स्वतंत्र अपीलही असतं. व्हिसाचा किंवा नागरिकत्वाचा अर्ज चालू असेल तर ग्रुपवरच्या सल्ल्यावर न जाता वकिलाला विचारा.

यंदाही पार्किंग माझ्याकडेच आहे, मी मागून घेतलं. शाळेला दोन महिने आधी पत्र लिहिलं, त्यांनी खेळाचं मैदान उघडून द्यायचं कबूल केलंय. कौन्सिलचं पार्किंग दहा मिनिटांवर आहे, तिथले दर मी स्वतः जाऊन बघून आलो. आजी-आजोबांना हॉलच्या दारात सोडायला दोन मुलं नेमली आहेत. मेसेजही तयार आहे. त्यातली शेवटची ओळ अशी: "स्टेशनचं पार्किंग ट्रेन पकडणाऱ्यांसाठी आहे, तिथे गाडी लावू नये."