गोठणगाव : धरणाशेजारचे तिबेट

गाढवी नदीवरचे इटियाडोह धरण १९७० मध्ये पूर्ण झाले. दोनच वर्षांनी, १९७२ मध्ये, याच परिसरात गोठणगाव-प्रतापगड भागात तिबेटी निर्वासितांची नॉर्ग्येलिंग वसाहत वसली. महाराष्ट्रातली ही एकमेव तिबेटी वसाहत. हा भाग ज्यात येतो तो गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झाला, पण तिबेटी लोकांच्या बोलण्यात ही वसाहत आजही ‘भंडारा’च.

तिबेटची राजधानी ल्हासा समुद्रसपाटीपासून सुमारे ३,६५० मीटर उंच; इथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. थंड पठारावरून आलेली ही माणसे या उन्हात टिकली, चिखलात उतरून धानाची बांधी कसायला शिकली, हे खरे कौतुकाचे. हिवाळा लागला की स्वेटर-शालींचे गठ्ठे घेऊन शहरांकडे निघायचे, हा त्यांचा दुसरा रोजगार. वस्तीत बौद्ध मठ आहे. निळ्या, पांढऱ्या, लाल, हिरव्या, पिवळ्या प्रार्थनापताका झाडांमधून फडफडतात. जवळच प्रतापगडावर महाशिवरात्रीची यात्रा भरते.

तरुण मंडळी शिक्षण-नोकरीसाठी बाहेर पडत आहेत. नवेगावबांधला पक्षी पाहायला जाणाऱ्यांनी वाट वाकडी करून इथेही यावे, आणि निर्वासनाचा काळ पाहिलेल्या ज्येष्ठांशी आताच बोलून घ्यावे.