‘आज काही खरं नाही’ : मॅचआधीची भाकितं आणि वस्तुस्थिती

फुटबॉलच्या चाहत्याला मॅचच्या आदल्या रात्री ‘उद्या काय होणार?’ असं विचारू नये. तो उत्तर देतो, आणि ते बहुधा अशुभ असतं. आपल्या सेंटर बॅकचा गुडघा दुखतोय, रेफरी ‘तोच’ आहे, समोरच्यांनी परवा चार गोल खाल्लेत म्हणजे आता ते चवताळून खेळणार. ‘शुभ बोल रे नाऱ्या’ म्हणावं, तर हा नाऱ्या वर्षानुवर्षं स्टेडियममध्ये जाऊन घसा बसवणारा. खेळ त्याला कळतो, पण भाकीत करताना तो खेळाबद्दल कमी आणि स्वतःच्या भीतीबद्दल जास्त बोलत असतो. या धाकधुकीतून काही समजुती पक्क्या होऊन बसल्या आहेत. त्या तपासायला २०२४ च्या इंडियन सुपर लीगमधले (आयएसएल) १५ एप्रिल ते ४ मे हे वीस दिवस फार सोयीचे आहेत.

गैरसमज : ‘त्या टीमशी आपलं कधी जमतच नाही’

मोहन बागान २०२० मध्ये आयएसएलमध्ये आला, आणि तेव्हापासून या लीगमध्ये त्याला मुंबई सिटीला काही हरवता येईना. साहजिकच १५ एप्रिलला कोलकात्यात, साखळीत पहिल्या येणाऱ्या संघाला मिळणाऱ्या लीग शील्डचा निर्णायक सामना आला, तेव्हा बागानच्या गोटात धाकधूक होती. मुंबईला नुसती बरोबरी पुरणार होती. बागान २-१ असा जिंकला आणि शील्ड घेऊन गेला.

लगेच भाकितं उलटली. ४ मे रोजी बाद फेरीचा अंतिम सामना होता. संघ तेच, मैदान तेच, साठ हजारांच्या घरातली गर्दीही तीच. आता पोटात गोळा मुंबईकरांच्या. मध्यंतराच्या तोंडावर कमिंग्जने बागानला आघाडी मिळवून दिली, तेव्हा तर सगळं ठरल्यासारखंच वाटलं असणार. पण उत्तरार्धात पेरेरा दियाझ, बिपिन सिंग आणि अगदी शेवटी याकुब वोयतुश यांनी गोल केले. मुंबई ३-१.

वस्तुस्थिती अशी, की दोन संघांमधला जुना हिशेब मोजक्या सामन्यांचा असतो, आणि तेवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. शिवाय ते संघ नावापुरतेच ‘तेच’ असतात. २०२० ते २०२४ या काळात मुंबईच्या बाकावर लोबेरा, बकिंगहॅम आणि क्रात्की असे तीन प्रशिक्षक बसून झाले. जुना पराभव जर्सीच्या लक्षात राहत नाही, चाहत्याच्या राहतो.

गैरसमज : ‘२-० ही सगळ्यात धोकादायक आघाडी’

हे वाक्य समालोचकांनी इतकं घासलंय, की आपला संघ दोन गोलांनी पुढे गेला की काही जणांना आनंदाऐवजी धडकी भरते. आणि या समजुतीला गोव्याएवढा सज्जड पुरावा दुसऱ्या कुणी दिला नसेल.

२४ एप्रिल, मडगावचं फातोर्डा स्टेडियम, उपांत्य फेरीची मुंबईविरुद्धची पहिली लढत. बोरिस सिंग आणि ब्रँडन फर्नांडिस यांच्या गोलांवर एफसी गोवा २-० पुढे. नव्वदाव्या मिनिटापर्यंत हाच स्कोअर. मग मुंबईच्या छांगतेने एक परत केला. पुढच्याच मिनिटाला विक्रम प्रताप सिंगने बरोबरी साधली. इंज्युरी टाइमच्या सहाव्या मिनिटाला पुन्हा छांगते. जवळजवळ खिशात घातलेली मॅच गोव्याने २-३ अशी घालवली. त्या रात्री फातोर्ड्याहून घरी गेलेल्या माणसाला आकडेवारी सांगायला जाऊ नये, मार बसेल.

तरीही सांगायला हवं. वेगवेगळ्या व्यावसायिक लीगमध्ये २-० ने पुढे असलेला संघ दहापैकी साधारण नऊ वेळा सामना जिंकतो. १-० पेक्षा ही आघाडी कितीतरी सुरक्षित आहे, आणि ते वेगळं सिद्ध करायचीही गरज नसावी. लक्षात मात्र उरलेला दहावा सामना राहतो, कारण त्याची गोष्ट होते. पाचच दिवसांनी, २९ एप्रिलला, मुंबईच्या घरच्या मैदानावर परतीची लढत झाली. मुंबईने २-० अशी आघाडी घेतली आणि सामना तसाच संपला. स्कोअर तोच, दोन्ही संघही तेच. ती मॅच ‘धोकादायक आघाडी’चं उदाहरण म्हणून कुणी सांगितल्याचं ऐकलंय?

गैरसमज : ‘गर्दीच गोल करते’

यात अर्धं तथ्य आहे, फक्त ते भलत्या ठिकाणी शोधलं जातं. कोरोनामुळे २०२०-२१ चा इंग्लिश प्रीमियर लीगचा हंगाम जवळजवळ पूर्ण रिकाम्या स्टेडियममध्ये झाला. ३८० सामन्यांपैकी यजमानांनी १४४ जिंकले आणि पाहुण्यांनी १५३. इंग्लंडच्या सर्वोच्च विभागात पाहुण्यांनी यजमानांपेक्षा जास्त सामने जिंकल्याची ती पहिलीच वेळ. म्हणजे गर्दीचा परिणाम होतो. पण कुणावर?

२००२ मध्ये नेव्हिल, बामर आणि विल्यम्स या संशोधकांनी चाळीस प्रशिक्षित रेफरींना एकाच मॅचमधल्या धडकांचं चित्रण दाखवलं. लिव्हरपूलच्या मैदानावरची, लेस्टरविरुद्धची मॅच. काहींना प्रेक्षकांच्या आवाजासकट, उरलेल्यांना आवाज बंद करून. आवाज ऐकणाऱ्यांनी यजमानांविरुद्ध सुमारे पंधरा टक्के कमी फाउल दिले. चाहत्यांचा आरडाओरडा स्ट्रायकरच्या पायात किती बळ भरतो ते सांगता येत नाही, पण शिट्टी तोंडात धरलेल्या माणसाला तो थोडा बिचकवतो एवढं नक्की. ‘रेफरी तोच आहे’ म्हणून कुरकुरणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं, की आपल्या मैदानावर तोच रेफरी आपल्याकडे जरासा झुकलेला असतो.

गैरसमज : ‘चांगला संघ असेल तर जिंकायलाच हवं’

मला हा सगळ्यात घातक गैरसमज वाटतो, कारण प्रशिक्षकांच्या नोकऱ्या यावरच जातात. फुटबॉलमध्ये गोल फार थोडे होतात. २०२२ च्या कतारमधल्या विश्वचषकात ६४ सामन्यांत १७२, म्हणजे सामन्याला तीनसुद्धा नाहीत. क्रिकेटमध्ये शेकडो चेंडू पडतात आणि चूक भरून काढायला वेळ मिळतो. इथे एक चेंडू कुणाच्या तरी गुडघ्याला लागून जाळ्यात गेला, की दुपार वाया.

संख्याशास्त्रज्ञ मायकेल माहेर यांनी १९८२ मध्ये गोलांच्या संख्येचं गणित पॉइसन वितरणाने, म्हणजे क्वचित घडणाऱ्या घटना किती वेळा घडतील याची शक्यता सांगणाऱ्या सूत्राने, मांडून दाखवलं. आजही भाकितांची बरीचशी गणितं त्याच पायावर उभी आहेत. त्याच पद्धतीने एक साधा हिशेब मांडू. एका संघाची सरासरी सामन्याला १.८ गोल आणि दुसऱ्याची ०.९. पहिला दुसऱ्यापेक्षा दुप्पट भारी. तो जिंकण्याची शक्यता येते साधारण ५९ टक्के, बरोबरीची २३, आणि हरण्याची १८. दुप्पट भारी असूनही दहापैकी चार वेळा तो जिंकत नाही! ‘बघ, म्हणालो नव्हतो?’ असं म्हणायची संधी निराशावाद्याला इतक्या वेळा मिळते, ती यामुळे.

नेमका स्कोअर सांगणाऱ्यांची गत तर आणखी वाईट. तोडीस तोड दोन संघांत सर्वात संभाव्य स्कोअर १-१, आणि तो लागण्याची शक्यता सुमारे बारा टक्के. म्हणजे उत्तमात उत्तम अंदाज बांधणाराही आठपैकी सात वेळा तोंडावर पडतो.

गैरसमज : ‘मी पाहिली की हरतात’

पनौती नावाची गोष्ट नसते, असतो तो योगायोग, आणि लक्षात फक्त जुळलेलाच राहतो. २०१० च्या विश्वचषकात जर्मनीतल्या पॉल नावाच्या ऑक्टोपसने आठही सामन्यांचे विजेते बरोबर ओळखले आणि जगभर त्याचा उदोउदो झाला. नाणं फेकून हे साधायची शक्यता २५६ मध्ये एक. जगभर शेकडो प्राणी भविष्य सांगायला बसवले, तर एखाद्याला ते साधणारच. २००८ च्या युरो स्पर्धेत याच पॉलचे दोन अंदाज चुकले होते, पण तेव्हा त्याला कुणी विचारत नव्हतं.

गैरसमज : ‘वाईट धरून चाललं की धक्का बसत नाही’

अनपेक्षित पराभव जास्त झोंबतो हे खरं, त्यामुळे मनाची आधीच तयारी करणं समजण्यासारखं आहे. पण ती तयारी तोंडापुरतीच असते. ‘आज तीन खातो’ म्हणणारा माणूस पहिला गोल बसल्यावर ज्या चेहऱ्याने खाली बसतो तो पाहावा. आत कुठेतरी त्याने जिंकण्याचंच धरलेलं असतं. ससेक्स विद्यापीठाच्या डोल्टन आणि मॅकेरॉन यांनी हजारो लोकांनी मोबाइलवर वेळोवेळी नोंदवलेला मूड तपासला. पराभवानंतरचं दुःख विजयाच्या आनंदापेक्षा साधारण दुपटीने मोठं निघालं. हिशेबच असा तोट्याचा असेल, तर आदल्या रात्री माणूस जिंकण्यापेक्षा हरण्याचाच विचार जास्त करणार.

ही धाकधूक नुसती मनातच राहते असंही नाही. २००६ च्या विश्वचषकात म्युनिक परिसरातल्या डॉक्टरांनी नोंदी ठेवल्या. जर्मनीचा सामना असलेल्या दिवशी हृदयविकाराच्या तातडीच्या घटना नेहमीच्या २.६६ पट झाल्या होत्या. सर्वाधिक घटना सामना सुरू झाल्यानंतरच्या दोन तासांत घडल्या, आणि आधीपासून हृदयाचा आजार असलेल्यांना धोका जास्त होता. तेव्हा रोजची गोळी चालू असेल, तर ती किकऑफच्या गडबडीत विसरू नका. छातीत दुखायला लागलं तर स्कोअर काहीही असो, आणि कितवंही मिनिट असो, उठा आणि डॉक्टरकडे जा.