अरण्याचा कानोसा : ध्वनिमुद्रण आणि कृत्रिम बुद्धिमत्ता

दाट अरण्यात प्राणी दिसण्यापूर्वी ऐकू येतो आणि पुष्कळदा नुसताच ऐकू येतो. सह्याद्रीच्या सदाहरित पट्ट्यात दृष्टी दहा-वीस पावलांवर अडते. त्याच जागी महाधनेशाच्या पंखांचा आवाज मात्र दुरूनही स्पष्ट कळतो. वनरक्षक, गुराखी आणि वाटाडे यांना हे पूर्वापार ठाऊक आहे. सांबर किंवा वानर ओरडले, की वाघ-बिबट्या कोणत्या अंगाने चालला आहे हे ते सांगतात. ताडोब्यातले वाटाडे अशा ओरडण्याला सरळ ‘कॉल’ म्हणतात. या जुन्या विद्येला यंत्राची जोड देऊन अरण्यातील ध्वनी दिवसरात्र मुद्रित करायचे आणि त्यांवरून वन्यजीवांचा मागोवा घ्यायचा, या पद्धतीस निष्क्रिय ध्वनिनिरीक्षण असे नाव आहे. यात यंत्र स्वतः आवाज करीत नाही, प्राण्याला पकडावे लागत नाही, की त्याच्या अंगावर काही बांधावेही लागत नाही.

पक्ष्याच्या आवाजाचे आज ज्ञात असलेले सर्वांत जुने मुद्रण 1889 मधले आहे. लुडविग कोख या जर्मन मुलाने आपल्या पिंजऱ्यातील शामा पक्ष्याचे गाणे एडिसनच्या फोनोग्राफवर, मेणाच्या नळकांड्यावर, उतरवून घेतले. शामा हा आपल्या पश्चिम घाटातही राहणारा गायक पक्षी, हा योगायोग मराठी वाचकाला सुखावणारा आहे. रानातील मोकळ्या पक्ष्यांचे मुद्रण अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाच्या आर्थर ॲलन यांनी 1929 मध्ये केले. ध्वनीचे चित्र काढणारे स्पेक्ट्रोग्राफ हे यंत्र 1940 च्या दशकात आले. पुढे केंब्रिजच्या विल्यम थॉर्प यांनी त्याच्या साह्याने चॅफिंच पक्ष्याचे गाणे अभ्यासले आणि जीवध्वनिशास्त्राला प्रयोगाचा पाया मिळाला.

अभ्यासाच्या सोयीसाठी प्राण्यांच्या ध्वनींचे वर्गीकरण कंप्रतेवरून करतात. मनुष्याचा कान सुमारे 20 ते 20,000 हर्ट्झ एवढेच ऐकतो. त्याखालचे ते अवश्राव्य ध्वनी. ध्वनिअभ्यासक केटी पेन यांना 1984 मध्ये पोर्टलंडच्या प्राणिसंग्रहालयात आशियाई हत्तींजवळ बसल्या असताना हवेत धडधड जाणवली, पण ऐकू काहीच आले नाही. मुद्रणातून उलगडा झाला : हत्ती 14 ते 24 हर्ट्झच्या पट्टीत एकमेकांशी बोलत होते. दुसऱ्या टोकाला श्राव्यातीत ध्वनी येतात. कीटकभक्षी वटवाघळे असे ध्वनी सोडून त्यांच्या प्रतिध्वनीवरून भक्ष्याचा ठाव घेतात. बेळगाव जिल्ह्यातील भीमगड अभयारण्यातल्या बारापेडे गुहेत राहणारे रॉटनचे मुक्तपुच्छ वटवाघूळ मात्र इतर बहुतेक वटवाघळांच्या मानाने खालच्या पट्टीत बोलते. पक्षी, बेडूक, माकडे आणि बहुतेक सिकाडा कीटक मधल्या श्राव्य पट्ट्यात मोडतात. याहून वेगळे वर्गीकरण ध्वनिपरिसराचे अभ्यासक बर्नी क्राउझ यांचे. ते एखाद्या जागेच्या समग्र ध्वनिपरिसराचे तीन भाग पाडतात : सजीवांचा जैवध्वनी, वारा-पाण्याचा भूध्वनी आणि माणसाचा मानवध्वनी.

हे तंत्र सामान्य संशोधकाच्या आवाक्यात आले ते उपकरणे स्वस्त झाल्यामुळे. ‘ऑडिओमॉथ’ हा त्यांतला सर्वपरिचित ध्वनिलेखक. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन आणि ऑक्सफर्ड येथील तरुण संशोधकांनी तो घडवला. न्यू फॉरेस्टमधून दिसेनासा झालेला एक सिकाडा शोधणे हा त्यामागचा एक हेतू होता. त्याची उघडी सर्किट पाटी 58 मिलिमीटर लांब आणि 48 मिलिमीटर रुंद. मागे तीन पेन्सिल सेल, कडेला बारीकसे मेमरी कार्ड आणि एक चिमुकला ध्वनिग्राहक. जलरोधक डबीत घालून ती खोडाला पट्ट्याने आवळायची. कोणत्या वेळी ऐकायचे हे आधीच ठरवून देता येते, त्यामुळे सेल पुष्कळ दिवस पुरतात. पक्ष्यांसाठी सेकंदाला 48,000 नमुने घेतले तरी चालते. वटवाघळांसाठी ते अडीच लाखांच्या पुढे न्यावे लागतात, कारण ज्या कंप्रतेचा ध्वनी टिपायचा तिच्या दुपटीहून अधिक नमुने घेणे भाग असते.

खरी अडचण मुद्रणानंतर सुरू होते. सेकंदाला 48,000 नमुने या दराने एक यंत्र अखंड चालले, तर दिवसाला सुमारे 8.3 गिगाबाइट सामग्री साठते. अशी पन्नास यंत्रे महिनाभर ठेवली, की 36,000 तासांचे मुद्रण हाती येते. रोज आठ तास ऐकणाऱ्या माणसाला ते संपवायला बारा वर्षे लागतील. कृत्रिम बुद्धिमत्तेची गरज इथे पडते, निव्वळ हौस म्हणून नव्हे.

संगणक आवाज ऐकत नाही, आवाजाचे चित्र पाहतो. या ध्वनिचित्रात आडव्या अक्षावर काळ, उभ्या अक्षावर कंप्रता आणि रंगाच्या गडदपणातून तीव्रता दाखवलेली असते. तांबटाची ‘टुक्‌ टुक्‌’ त्यात खालच्या भागात समान अंतरावरच्या ठिपक्यांसारखी उमटते. शीळकरी कस्तुराची पहाटेची शीळ म्हणजे चढत-उतरत जाणाऱ्या बारीक रेषा. सिकाडांचा कल्लोळ रुंद पट्ट्यासारखा चित्राचा मोठा भाग व्यापतो आणि त्याच कंप्रतेत गाणारा पक्षी त्याखाली झाकला जातो. अशी नावे जोडलेली हजारो चित्रे दाखवून चेताजाल, म्हणजे न्यूरल नेटवर्क, प्रशिक्षित करतात. कॉर्नेल विद्यापीठ आणि जर्मनीतील केम्निट्झ तंत्रविद्यापीठ यांनी घडवलेले ‘बर्डनेट’ मुद्रणाचे तीन-तीन सेकंदांचे तुकडे पाडते आणि प्रत्येक तुकड्यात कोणता पक्षी असण्याची किती खात्री वाटते, याचा आकडा देते. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रारूपात उत्तर अमेरिका आणि युरोपातील 984 जाती होत्या. नंतरच्या आवृत्त्यांत जगभरच्या सहा हजारांहून अधिक जाती आल्या.

जातींची यादी लांबली म्हणजे ओळख पक्की झाली असे नाही. प्रशिक्षणाचे नमुने बहुधा जवळून, एकाच पक्ष्यावर ध्वनिग्राहक रोखून घेतलेले असतात. खोडावरच्या यंत्राला तोच पक्षी दुरून, पानांआडून आणि चार आवाजांच्या गर्दीत ऐकू येतो. भारतीय पक्ष्यांचे नावे जोडलेले नमुनेही तुलनेने थोडे. 2024 च्या ‘बर्डक्लेफ’ या आंतरराष्ट्रीय स्पर्धेचा विषय पश्चिम घाटातील पक्षी हाच होता. त्यात 182 जातींचे आवाज ओळखणारी प्रारूपे मागवली होती. शिवाय भृंगराज कोतवालासारखा बहुरूपी पक्षी आहेच. तो शिक्रा आणि सर्पगरुड यांचे आवाज हुबेहूब काढतो, तेव्हा जाणकाराचाही कान फसतो आणि यंत्राचाही. म्हणून यंत्राने दिलेल्या नोंदींतला काही भाग माणसाने ऐकून पडताळावा लागतो. ही पडताळणी टाळलेल्या अहवालावर प्रस्तुत लेखकाचा तरी विश्वास बसत नाही.

आणखी एक मर्यादा मूलभूत स्वरूपाची आहे. दहा हाका एकाच पक्ष्याच्या की दहा पक्ष्यांच्या, हे एका यंत्राला सांगता येत नाही. एक प्राणी तासाला साधारण किती वेळा ओरडतो हे माहीत असेल, तरच संख्येचा अंदाज बांधता येतो. घड्याळे काटेकोर जुळवलेली अनेक यंत्रे असतील तर आवाजाची जागा काढता येते, कारण हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो आणि जवळच्या यंत्रावर आधी पोहोचतो. न ओरडणारा प्राणी मात्र नोंदीतून सुटतो. पावसाळ्यात पानांवर कोसळणाऱ्या सरी संपूर्ण ध्वनिचित्र भरून टाकतात, आणि सह्याद्रीतील बहुतेक बेडूक नेमके त्याच दिवसांत बोलतात.

असे असूनही उपयोगांची व्याप्ती मोठी आहे. काँगो प्रजासत्ताकातील नुआबाले-एनडोकी राष्ट्रीय उद्यानात व त्याच्या आसपास 1,250 चौरस किलोमीटर क्षेत्रावर पन्नास ध्वनिलेखक बसवण्यात आले. हत्तींची सोंड पोहोचू नये म्हणून ते झाडांवर उंच टांगतात. दाट रानात विमानातूनही न दिसणाऱ्या वनहत्तींचा वावर त्यांतून कळतो आणि चोरट्या शिकाऱ्यांच्या बंदुकीचे बारही त्याच मुद्रणात सापडतात. ‘रेनफॉरेस्ट कनेक्शन’ या संस्थेने जुने मोबाइल फोन सौरपट्ट्यांसह झाडांवर चढवून यांत्रिक करवतीचा आवाज येताच सूचना पाठवण्याची व्यवस्था उभारली. भारतात वालपारईच्या परिसरात, चहामळ्यांच्या मधोमध उरलेल्या वनखंडांत, अबाधित जंगल, मुद्दाम रोपे लावून सावरलेले जंगल आणि आपोआप वाढू दिलेले जंगल यांची तुलना अशा मुद्रणांवरून झाली आहे. मध्य भारतात घाणेरी काढलेल्या रानांचा अभ्यासही याच मार्गाने झाला. 1884 नंतर 113 वर्षे बेपत्ता राहून 1997 मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडलेला रानपिंगळा दिसायला साध्या पिंगळ्यासारखा, आवाजाने मात्र निराळा आहे. सातपुड्यात आणि मेळघाटात त्याच्यासाठी हे तंत्र विशेष योग्य ठरेल.

साठवलेला ध्वनी पुन्हा ऐकता येतो, हा या पद्धतीचा सर्वांत मोठा गुण म्हणावा लागेल. पक्षिनिरीक्षकाची वही त्याला जे ओळखू आले तेवढेच सांगते. मुद्रणातले आज न ओळखलेले बेडूक वीस वर्षांनी ओळखता येतील. मात्र त्यासाठी मूळ मुद्रणे जपून ठेवावी लागतात, आणि साठवणीचा खर्च वाचवण्यासाठी ती पुसून टाकण्याचा मोह अनेक प्रकल्पांना होतो.

यंत्राला माणसाचे बोलणेही ऐकू येते, हा प्रश्न उरतोच. उत्तराखंडातील कॉर्बेट व्याघ्रप्रकल्पात वन्यजीवांसाठी लावलेल्या कॅमेऱ्यांचा स्थानिक स्त्रियांवर काय परिणाम झाला, याचा केंब्रिजच्या संशोधकांचा अभ्यास 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. जळण आणि गवत आणायला जाताना या स्त्रिया हत्ती-वाघ दूर राहावेत म्हणून मोठ्याने बोलत आणि गात असत. कोणी पाहत असल्याच्या जाणिवेने त्यांचे आवाज खाली आले. ध्वनिलेखकाबाबत ही काळजी अधिकच घ्यावी लागते. बर्डनेटच्या यादीत पक्ष्यांखेरीज मानवी आवाजाचाही वर्ग आहे. त्याच्या आधारे संभाषणाचे तुकडे शोधून वगळता येतात. यंत्र कुठे, किती दिवस आणि कशासाठी बसवले आहे, याची माहिती पायवाटेवर आणि गावाच्या चावडीवर मराठीत, कोरकूत किंवा तिथे बोलल्या जाणाऱ्या भाषेत आधीच लावली पाहिजे.