बार उडाल्यानंतरची काजळी

जालना जिल्ह्यातल्या असईजवळ २३ सप्टेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीची फौज दौलतराव शिंदे आणि दुसरे रघूजी भोसले यांच्या सैन्याशी भिडली. त्या लढाईतल्या तोफांवर आणि डावपेचांवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. शिपायाच्या बंदुकीच्या नळीत काय साचत होतं, याकडे मात्र फारसं कुणी वळत नाही.

साचत होती काजळी. काळी दारू म्हणजे साधारण ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक. जळल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग वायू न होता घन रूपातच उरतो. काही धुरावाटे बाहेर पडतो, उरलेला नळीला चिकटतो. या अवशेषातले पोटॅशियमचे क्षार हवेतली ओल शोषतात. त्यामुळे पावसाळी हवेत त्याचा चिखल होतो आणि मराठवाड्याच्या कोरड्या उन्हात खडखडीत पापुद्रा.

असईच्या काळातल्या ‘ब्राऊन बेस’ बंदुकीने यावर सोपा तोडगा काढला होता. नळीचा व्यास सुमारे १९ मिलिमीटर आणि गोळी साधारण साडेसतरा मिलिमीटरची. एवढी ढिलाई असल्यामुळे काजळी साचली तरी गजाने गोळी आत लोटता येई. नेम बिघडे, पण बंदूक चालत राही.

सॅम्युअल कोल्टने १८३६ मध्ये अमेरिकेत पेटंट घेतलेल्या रिव्हॉल्व्हरला ही चैन परवडणारी नव्हती. त्यात प्रत्येक कप्प्यात दारू, तिच्यावर गोळी आणि मागच्या निपलवर तांब्याची स्फोटक टोपी बसवायची. गोळी कप्प्यात घट्टच बसायला हवी, आणि सिलिंडर दर बाराला अचूक फिरून नळीसमोर यायला हवा. सिलिंडर आणि नळी यांच्यामधल्या बारीक फटीतून गरम वायू बाहेर येतो आणि ज्या दांड्यावर सिलिंडर फिरतो त्यावरच काजळी फेकतो. काही बार उडाले की सिलिंडर जड होतो, मग अडतो. कोल्टने म्हणूनच दांडा जाड ठेवून त्यावर खाचा पाडल्या. त्यांत वंगण टिकतं आणि खरवडून निघालेल्या काजळीलाही जागा मिळते. फुटलेल्या टोपीचा तुकडा घोड्याच्या खाली पडला की यंत्र तिथंच थांबतं, त्यामुळे घोडा ओढताना नळी वर धरायची पद्धत पडली.

कोल्टचा लंडनचा कारखाना १८५३ मध्ये सुरू झाला. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजांतले गोरे अधिकारी पिस्तूल बहुधा पदरच्या पैशाने घेत. एकोणिसाव्या शतकात जालन्याला छावणी होती, निजामाच्या खर्चाने चालणाऱ्या हैदराबाद कंटिंजंटचं हे एक ठाणं. अशा ठिकाणी उन्हाळ्यात शस्त्र चालतं ठेवायचं तर वंगणाला पर्याय नव्हता.

वंगण म्हणजे जनावराची चरबी आणि मधमाश्यांचं मेण. चरबी काजळी मऊ ठेवते, मेण चरबीला उन्हात वाहून जाऊ देत नाही. रिव्हॉल्व्हरमध्ये हे मिश्रण गोळीवर, कप्प्याच्या तोंडाशी लावत किंवा दारू आणि गोळी यांच्यामध्ये वंगण मुरवलेली नमद्याची चकती ठेवत. शेजारच्या कप्प्याला ठिणगी लागून एकदम अनेक बार उडण्याचा धोकाही त्याने कमी होई.

१८५३ च्या एनफिल्ड रायफलीलाही याच कारणासाठी चरबी लागत होती. घट्ट बसणारी गोळी काजळीतून सरकावी म्हणून काडतुसाच्या कागदाला वंगण लावलेलं असे, आणि तो कागद दातांनी फाडावा लागे. गाईची की डुकराची, या प्रश्नाने छावण्या पेटू लागल्यावर २७ जानेवारी १८५७ रोजी शिपायांनी स्वतःच्या पसंतीचं वंगण वापरावं, असा हुकूम निघाला. तोवर विश्वास उडाला होता. जूनमध्ये जालन्याजवळच्या औरंगाबादेत कंटिंजंटचं घोडदळ बिथरलं. तिथं मुख्य धास्ती दिल्लीच्या बादशहावर चालून जावं लागेल ही होती. हिंदुस्थानच्या उकाड्यात एनफिल्डची गोळी नळीत अडते, हेही त्या धामधुमीत उघड झालं. १८५९ मध्ये तिचा व्यास ०.५६८ इंचावरून ०.५५ इंचावर आणला गेला. ब्राऊन बेसची ढिलाई थोडीशी परत आली.

तेलाची निवडही महत्त्वाची. मराठवाड्यात मुबलक असलेली करडई आणि जवस यांची तेलं हवेत सुकून चिकट थर धरतात, म्हणून कळसूत्रात ती घालणं चुकीचं. एरंडेल तसं सुकत नाही. खनिज तेल काळ्या दारूच्या अवशेषात मिसळलं की डांबरासारखा लगदा होतो, त्यामुळे ठासणीची शस्त्रं चालवणारे आजही बार काढताना चरबी-मेणच वापरतात.

साफसफाईला लागतं साधं गरम पाणी आणि साबण. काजळीतले क्षार आणि टोपीतून येणारं पोटॅशियम क्लोराइड पाण्यातच विरघळतं. नुसत्या तेलाने पुसलं तर ते तेलाखाली राहून लोखंड खातं. निपल काढून धुवायचे, प्रत्येक भाग पूर्ण वाळवायचा, मग तेलाचा पातळ हात द्यायचा. निपलच्या आट्यांना किंचित चरबी लावली तर पुढच्या वेळी ते सहज सुटतात.

जुन्या वाड्यात असं शस्त्र सापडलं तर साफसफाईला हात घालण्याआधी पोलिसांना कळवावं. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचं कलम ४५ जुनाट शस्त्राला सूट देतं, पण दुरुस्ती करूनही ज्याचा बार निघू शकत नाही अशालाच. शिवाय कोरड्या राहिलेल्या कप्प्यातली काळी दारू शंभर वर्षांनंतरही पेट घेऊ शकते.