शिशाच्या पट्ट्यांचीं दुहेरी तावदानें

नालासोपाऱ्याच्या पश्चिमेस समुद्रकांठीं वसलेल्या कळंब गांवांत घर बांधणाऱ्यास खिडकीचा विचार इतरांपेक्षां अधिक काळजीनें करावा लागतो. पावसाळ्यांत समुद्रावरून येणारी सर तेथें उभी पडत नाहीं, आडवी येते. आणि उरलेले आठ महिने वाऱ्यांतील मीठ व रेती आपलें काम करीतच असतात. अशा घराला शिशाच्या पट्ट्यांचीं दुहेरी तावदानें मोठीं शोभून दिसतात. परंतु कारागिराच्या हातून राहिलेली बारीकशी उणीवहि तेथें फार दिवस लपत नाहीं.

जुन्या पद्धतीचें काम निराळें होतें. कुलाब्याचें अफगाण चर्च किंवा राजाबाई मनोरा यांसारख्या एकोणिसाव्या शतकांतील इमारतींच्या रंगीत खिडक्यांत काचेचे तुकडे शिशाच्या पन्हळी पट्ट्यांत बसवून सांध्यांना डाख देत. एक तुकडा फुटला, तर तेवढाच बदलतां येई. राजाबाई मनोऱ्याचा जीर्णोद्धार २०१५ मध्यें पुरा झाला, त्यांत तेथील रंगीत काचाहि पुन्हां नीट करण्यांत आल्या. आजच्या दुहेरी तावदानांत दोन अखंड काचांमध्यें ॲल्युमिनियमची पोकळ पट्टी असते, तिच्या पोटांत ओल शोषणारे मणी असतात, आणि कडा लुकणानें बंद केलेल्या असतात. शिसें बहुधा काचेवर आंतून-बाहेरून चिकटविलेलें असतें. रूप जुन्या खिडकीचें, प्रकृति अगदीं वेगळी.

म्हणून तक्रार करण्यापूर्वीं ओल कोणत्या पृष्ठावर आहे, हें आधीं निश्चित करावें. बाहेरच्या पृष्ठावर पहांटे दंव दिसलें, तर तो दोष नव्हे. खोलीच्या बाजूस दिसली, तर बहुधा आंतली दमट हवाच कारण. मात्र चौकटीच्या कोपऱ्यांतून ओघळ येत असेल, तर प्रश्न वेगळा. परंतु दोन काचांच्या मध्यें, जेथें बोट पोहोंचत नाहीं तेथें, धुकें किंवा थेंब दिसले, तर लुकण सुटलें असें खुशाल समजावें. भोक पाडून आंतली हवा वाळवूं, असें कोणी सुचविल्यास तें मान्य करूं नये. मणी एकदां ओलीनें भरले कीं त्यांचें काम संपलें. तें तावदानच बदललें पाहिजे.

याचें मूळ पुष्कळदां चौकटीच्या तळाशीं सांपडतें. चौकटींत थोडें पाणी शिरणारच, असें धरून तिला निचऱ्याचीं भोकें ठेवलेलीं असतात. गवंडी तीं गिलाव्यानें बुजवितो, किंवा काच बसविणारा पाणी येऊं नये म्हणून सिलिकोननें बंद करतो! मग तावदानाची कड दिवसच्या दिवस पाण्यांत उभी राहते. काच चौकटीवर थेट टेकूं नये. खालीं कठीण रबराचे वा प्लॅस्टिकचे ठोकळे असावेत. सिलिकोनचा वासहि घ्यावा. व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल, तर त्यांतून निघणारें आम्ल शिशाला खातें आणि लुकणालाहि बाधूं शकतें. येथें उदासीन प्रकारचेंच सिलिकोन हवें. स्क्रू स्टेनलेस पोलादाचे, शक्य तर ३१६ प्रतीचे असावेत.

पट्ट्यांचें काम दिवसाउजेडीं दोन-तीन मीटरांवरून पाहावें. आंतली व बाहेरची पट्टी समोरासमोर नसेल, तर समोरून पाहतांनाहि रेघ दुहेरी दिसते. नखानें टोंक उचललें जात असेल, तर काच नीट पुसून कोरडी न करतांच पट्टी लावली असण्याचा संभव अधिक. तिच्यावर येणारी करडी-पांढरी झांक मात्र शिशाचा स्वभाव आहे. त्यासाठीं कोणाशीं भांडूं नये. पूड सुटत असल्यास ओल्या फडक्यानें पुसावी आणि मुलांचे हात तिला लागूं देऊं नयेत, कारण ती विषारी असते.

शेवटचा हप्ता निदान एक जोराचा पाऊस होईपर्यंत राखून ठेवण्याचें करारांतच लिहून घ्यावें. काम उन्हाळ्यांत झालें असेल, तर नळीची धार खालून हळूहळू वर नेत परीक्षा घ्यावी, म्हणजे पाणी नेमकें कोठून शिरतें तें कळतें. दोष आढळल्यास तारखेसह छायाचित्रें काढून ठेकेदारास लेखी कळवावें. त्यानें दाद दिली नाहीं, तर १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा सल्ला मिळतो, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखालीं जिल्हा आयोगाकडे जातां येतें. त्यासाठीं तक्रारीचें कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. ठेकेदार तावदान बदलावयास आला, तर जुनें काढल्यावर चौकटीचा तळ आपल्या डोळ्यांनीं पाहावा. तेथें पाणी सांचलेलें असेल, तर आधीं भोकें मोकळीं करून घ्यावीं आणि मगच नवी काच बसवूं द्यावी.