बयाणा देण्याआधी खड्डा खणा

माझ्या थोरल्या बहिणीने आणि दाजींनी परभणी भागात स्वतःचे घर बांधले. दाजींच्या निवृत्तीचा सगळा पैसा, अक्काची पोत आणि पतपेढीचे कर्ज त्यात गेले. प्लॉट पाहायला आम्ही डिसेंबरात गेलो होतो. शेजारच्या रानात ज्वारी छातीइतकी उभी होती. दाजी म्हणाले, "जमीन कशी सोन्यासारखी आहे बघा!" आम्हीही माना डोलावल्या आणि संध्याकाळी बयाणा देऊन मोकळे झालो.

दोन पावसाळ्यांत मधल्या खोलीची फरशी फुगून वर आली. मोरीचे दार लागेना. मे महिन्यात खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपी भेग गेली, तिच्यात रुपयाचे नाणे सरळ आत जाई. गवंड्याने दोनदा सिमेंट भरले. पावसात भेग मिटे, उन्हाळ्यात पुन्हा उघडे. गवंड्याचे काम वाईट नव्हते. खालची जमीनच हलत होती.

बंधू-भगिनींनो, मराठवाडा-विदर्भातली ही काळी माती दख्खनच्या काळ्या पाषाणाची झीज होऊन झालेली आहे. तिचे कण अतिशय बारीक असतात. पाणी मिळाले की ती फुगते, आटले की आकसते आणि हातभर खोल भेगा पडतात. ओल धरून ठेवते म्हणून तर तिच्यावर बिनपाण्याची रब्बी ज्वारी येते. जी जमीन शेतकऱ्याच्या डोळ्यात भरते, तीच घराला बाधते, हे आमच्यापैकी कोणाला सुचलेच नाही.

तेव्हा पहिली गोष्ट अशी की प्लॉट दोनदा पाहावा. एकदा भर पावसाळ्यात, एकदा मे महिन्यात. उन्हाळ्यात भेगांमध्ये काठी घालून पाहा, किती आत जाते ते कळेल. आसपासच्या घरांची जोती आणि कुंपणाच्या भिंती निरखा. चार घरांना तशाच तिरप्या भेगा असतील तर पाचवे घर तुमचे असेल. शेजारी कोणी विहीर, शौचालयाची टाकी किंवा पाया खणत असेल तर तिथे जाऊन उभे राहा. फुकटात जमिनीचे पोट पाहायला मिळते.

तरीही आपल्या प्लॉटवर खड्डा हवाच. जमीनमालकाची परवानगी घेऊन जेसीबीने आठ-दहा फूट खणून घ्या. तासाभराचे भाडे लागते. ईशान्य-नैऋत्य सांगणाऱ्याला लोक त्याहून जास्त दक्षिणा देतात! खड्ड्यात कोणी उतरू नये, काळ्या मातीची कड केव्हाही ढासळते. बादलीतून येणारी माती वरूनच पाहावी. तीन-चार फुटांवर पक्का मुरूम लागला तर चिंता मिटली, पाया मुरमापर्यंत नेता येतो. दहा फुटांपर्यंत काळीच काळी आली तर तो घर बांधण्याच्या दृष्टीने अवघड प्लॉट आहे. प्लॅस्टिकच्या पिशव्या, विटांचे तुकडे, राख निघाली तर ती भर घातलेली जागा समजा. जुनी खदान, वीटभट्टीचे खड्डे, बुजवलेली विहीर यांवरही प्लॉट पाडले जातात. अशी भर पुढे कित्येक वर्षे खचत राहते. गावातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, पूर्वी इथे काय होते?

ले-आऊटवाला कधी कधी माती परीक्षणाचा कागद पुढे करतो. त्यात नत्र, स्फुरद, पालाश लिहिलेले असेल तर तो पिकासाठीचा कागद आहे, घराला त्याचा काडीचा उपयोग नाही. घरासाठीची तपासणी वेगळी. ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटर उंचीवरून टाकून, नळी ३० सेंटिमीटर आत जायला किती ठोके लागतात ते मोजतात. फुगण्याची चाचणी तर फार सोपी आहे. दहा दहा ग्रॅम कोरडी, चाळलेली माती दोन मोजपात्रांत घेतात. एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल. रॉकेलात माती फुगत नाही. एक दिवस ठेवून दोन्हींतला फरक पाहतात. पाण्यातली माती निम्म्याहून जास्त वाढली तर ती धोक्याची. अनेक सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयांत शुल्क घेऊन अशी तपासणी करून देतात.

काळ्या मातीवर घर होतच नाही असे नाही. ऋतूप्रमाणे ओल बदलते ती साधारण साडेतीन मीटरपर्यंत. म्हणून रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने तळाशी घंटेसारखा फुगीर भाग असलेले खांब विकसित केले. ते त्या खोलीखाली घट्ट बसतात आणि घर वरच्या हलत्या मातीवर टेकत नाही. मुंबईच्या आय.आय.टी.तील प्रा. आर. के. कट्टी यांनी न फुगणाऱ्या, चिकट मातीचा सुमारे मीटरभर थर काळ्या मातीवर दाबून बसवला तर फुगवटा आवरतो, हे दाखवले. पण दोन्हींना पैसा लागतो. तो प्लॉटच्या भावात आधीच धरा, नाहीतर भाव पाडून मागा.

पाण्याचेही तसेच. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात बोअरचे पाणी खारट असते. सळईच्या काँक्रीटसाठी पाण्यात क्लोराईड लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. जास्त असले की सळई आतून गंजते. बोअरचे पाणी तपासून मगच वापरा.

आणि सखलपणा. आपल्या वस्त्या पिढ्यान्‌पिढ्या गावाबाहेर, मिळेल त्या जागेवर. नाल्याचे पाणी आधी आपल्याच चुलीत शिरायचे. आज पहिल्यांदा स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या पसंतीने जागा घेतो आहोत, तर स्वस्त मिळते म्हणून पुन्हा नाल्याकाठी का जावे? नदीजवळ असाल तर निळी आणि लाल पूररेषा कुठून जाते ते जलसंपदा खात्यात किंवा नगरपालिकेत विचारा. निळ्या रेषेच्या आत बांधकाम करता येत नाही.

कागदांचे एकच सांगतो. सात-बारा स्वतः काढा, दलालाची झेरॉक्स पाहू नका. त्यावर 'भोगवटादार वर्ग २' असेल तर थांबा. १९५८ च्या कायद्याने महार वतने गेली आणि पुष्कळ जमिनी आपल्याच माणसांना अटीवर परत मिळाल्या. त्या परवानगीशिवाय घरासाठी विकल्या तर घेणारा अडकतो, आणि पुष्कळदा विकणारा व घेणारा दोघेही आपलेच असतात.

सौदा घाईने करावा लागलाच तर इसारपावतीत लिहून घ्या, "खड्डा खणून जमीन योग्य न आढळल्यास इसाराची रक्कम परत मिळेल." आणि काम झाल्यावर खड्डा थराथराने दाबून बुजवा, त्याची जागा नकाशावर खुणेने दाखवून मिस्त्रीला द्या. घराचा एखादा कॉलम नेमका त्याच भुसभुशीत जागेवर यायला नको.